बाबांचा वीस वर्षांचा जमाखर्च 'मनी'मध्ये अडकला आहे. फाइल कशी उघडायची, आणि पुढे घरच्या कॉम्प्युटरवर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

सांजवात

नमस्कार. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज मदत हवी म्हणून धागा काढते आहे.

फेब्रुवारीत बाबा गेले. सांगलीच्या घरी त्यांचा जुना डेस्कटॉप आहे. २००४ साली काकांनी अमेरिकेहून 'मायक्रोसॉफ्ट मनी'ची सीडी आणली होती. तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की बाबा हिशोब लिहायला बसायचे. दूध, भाजी, लाइट बिल, माझी फी, आजीची औषधं, मुदत ठेवी, पोस्टाची आरडी, हातउसने दिलेले पैसे, सगळं त्यात आहे. शेवटची नोंद जानेवारीतली. आता तो कॉम्प्युटर मधेच बंद पडतो. फाइल मी पेनड्राइव्हवर आणली, पण माझ्या लॅपटॉपला ती कशात उघडायची हेच कळत नाही.

आईला तीन गोष्टी हव्या आहेत. ठेवी किती, कुठे आणि मुदत कधी. कुणाकडून येणं आहे, कुणाचं देणं आहे. आणि घर चालवायला महिन्याला किती लागतात. तिसरा प्रश्न तिने विचारला तेव्हा मला भरून आलं. चाळीस वर्षं घर तिने चालवलं, आणि आकडा मात्र त्या फाइलीत.

दुसरा प्रश्न माझा. यापुढे तिचा आणि माझा हिशोब मी लिहिणार आहे. घरच्या कॉम्प्युटरवर चालेल, फाइल आपल्याच ताब्यात राहील आणि उद्या माझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाही उघडता येईल असं काय आहे? मोबाइलमधले मेसेज वाचून खर्च मांडणारं ॲप नको आहे.

जुनीकीर्द

तुमच्या दुःखात सहभागी आहे. वीस वर्षं रोज हिशोब लिहिणारा माणूस म्हणजे काय चीज असते ते मला माहीत आहे, माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली.

पहिली गोष्ट, मूळ फाइलला हात लावू नका. तिच्या दोन प्रती करा, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या कॉम्प्युटरवर, आणि काम फक्त तिसऱ्या प्रतीवर करा. 'मनी'ची नवी आवृत्ती जुनी फाइल उघडताना ती आपल्या साच्यात बदलून घेते. त्यानंतर ती जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

मायक्रोसॉफ्टने 'मनी' १९९१ मध्ये आणलं आणि ३० जून २००९ ला त्याची विक्री बंद केली. मग २०१० मध्ये 'मनी प्लस सनसेट' नावाची आवृत्ती फुकट दिली. तिला नोंदणी लागत नाही, किल्ली लागत नाही. ती अमेरिकी आवृत्तीच्या फाइलींसाठी आहे, आणि तुमची सीडी तिकडूनच आलेली, म्हणजे अडचण येऊ नये. इन्स्टॉल करण्याची फाइल कुठल्याही साइटवरून उतरवली तरी चालवण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही आहे का ते बघा. सही नसेल तर पुसून टाका.

उघडताना इंटरनेट एक्सप्लोरर हवा असा निरोप आला तर घाबरू नका. 'मनी'ची पानं त्याच्याच यंत्रणेवर उभी राहतात, आणि यावरचा उपाय जुन्या वापरकर्त्यांनी लिहून ठेवलेला आहे. आणि जुन्या डिस्कवर एमबीएफ या शेपटाच्या फाइलीही शोधा. त्या 'मनी'ने स्वतः घेतलेल्या बॅकअपच्या असतात. मूळ फाइल खराब निघाली तर त्याच कामी येतील.

हडसनकाठ

सांजवात, मी न्यू जर्सीत आहे आणि १९९६ पासून 'क्विकन' वापरतो. इकडच्यांना 'मनी' आणि 'क्विकन' ही भांडणारी भावंडंच वाटायची. ऑक्टोबर १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने क्विकनची कंपनी इंट्यूट विकत घ्यायचा करार केला होता. मक्तेदारी होईल म्हणून अमेरिकी न्यायखातं कोर्टात गेलं आणि मे १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. तो करार झाला असता तर तुमच्या बाबांची फाइल आज कुठे असती, कुणास ठाऊक.

क्विकन चांगलं आहे, पण तुम्हाला मी ते सुचवणार नाही. इंट्यूटने २०१६ मध्ये ते विकून टाकलं, आणि २०१८ च्या आवृत्तीपासून इथे ते वर्षाच्या वर्गणीवर गेलं. त्याची खरी गंमत म्हणजे बँकेतल्या नोंदी आपोआप येतात, आणि भारतातल्या बँकांसाठी ती सोय नाही. मग फक्त हाताने भरायला दरवर्षी डॉलर का मोजायचे?

ऑनलाइनवाल्यांबद्दलही एक सांगतो. माझ्या बायकोचा सगळा हिशोब 'मिंट'वर होता. २००७ पासूनची फुकट सेवा, २००९ मध्ये इंट्यूटने घेतली, आणि मार्च २०२४ मध्ये बंद केली. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या नोंदींची साधी फाइल) उतरवून घ्यायला काही महिने मिळाले, पण तिने वर्षानुवर्षं बसवलेली अंदाजपत्रकं त्यात आली नाहीत. फाइल आपल्याकडे हवी ही तुमची अट अगदी योग्य आहे, ती सोडू नका.

पेंग्विन_सातारा

मी 'ग्नूकॅश' अकरा वर्षं वापरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९८ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फाइल साध्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे वाचता येईल अशा मजकुरात, फक्त दाबून ठेवलेली असते. उद्या ग्नूकॅश राहिलं नाही तरी ती सोडवून डोळ्यांनी वाचता येईल. बाबांच्या फाइलीचं जे झालं ते हिचं होणार नाही, माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

त्याचा पाया दुहेरी नोंदीचा. लोक या शब्दाला घाबरतात, पण आपल्याकडे पेढीवर कीर्द आणि खतावणी लिहिणाऱ्याला यात नवं काही नव्हतं. पैसा एका खात्यातून निघतो आणि दुसऱ्यात पोचतो, एवढंच. माझ्या गृहकर्जाचं उदाहरण देतो. कर्ज २४ लाख, व्याज ८ टक्के, हप्ता २५,०००. साध्या खर्चाच्या वहीत दर महिन्याला '२५,००० खर्च' असं लिहिलं जातं. खरं तर पहिल्या महिन्यात व्याज १६,०००, तेवढाच खर्च. उरलेल्या ९,००० नी कर्ज कमी झालं. ग्नूकॅशमध्ये एकाच नोंदीचे असे दोन तुकडे करता येतात आणि कर्जाच्या खात्यावरची बाकी आपोआप उतरत जाते. ही गोष्ट कळली तेव्हाच मी जास्तीचे पैसे कर्जात भरायला लागलो.

आपल्या इथल्या अडचणीही सांगतो. त्याचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. 'अकाउंटिंग पिरियड'मध्ये १ एप्रिल ही तारीख स्वतः घालावी लागते, आणि दर एप्रिलमध्ये ती बदलावी लागते. म्युच्युअल फंडाची एनएव्ही (एका युनिटची किंमत) ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेकडून उचलता येते, योजनेचा ॲम्फी क्रमांक चिन्ह म्हणून द्यायचा. पण विंडोजवर त्यासाठी पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा वेगळी बसवावी लागते. पीपीएफचं व्याज ते स्वतः काढत नाही. तिथे महिन्याची ५ तारीख ते महिनाअखेर यातल्या किमान शिलकीवर व्याज धरतात आणि ते ३१ मार्चला जमा होतं. मी पासबुक भरून आणतो आणि एकच नोंद करतो.

मेन्यूचं मराठी भाषांतर आहे. अपुरं आहे, काही शब्द अडतात, पण आहे.

अबोली_२२

पेंग्विन, तुमचं सगळं मान्य. पण धागा काढणारीच्या आईंना ते उघडता यायला हवं आहे, हे विसरू नका.

माझा अनुभव असा. नवऱ्याने ग्नूकॅश बसवलं, खात्यांचं छान झाड रचलं, आणि मी तीन महिन्यांत त्यात लिहायचं सोडून दिलं. भाजीवाल्याला दिलेले ८० रुपये लिहायला दोन खाती निवडायची हे मला रोज जमेना. तो दौऱ्यावर गेला की हिशोब थांबायचा. शेवटी आम्ही 'मनी मॅनेजर ईएक्स' घेतलं. तेही फुकट, फाइल एसक्यूलाइट या डेटाबेसची, हवी तर पासवर्ड लावून कुलूपबंद ठेवता येते. तारीख, कुणाला, कशासाठी, किती. झालं. आता दोघंही लिहितो.

'होमबँक'ही याच वळणाचं आहे. त्यात 'असाइनमेंट' नावाची सोय मला फार आवडली होती. नोंदीत अमुक शब्द आला की अमुक सदर, असा नियम एकदा लिहून ठेवायचा. यूपीआयच्या शंभर बारीक नोंदी आयात केल्या की निम्म्या आपोआप जागेवर बसतात. फक्त त्याची सीएसव्ही ठरलेल्या रकान्यांचीच लागते. बँकेची जशीच्या तशी चालत नाही, आधी एक्सेलमध्ये घोटून घ्यावी लागते.

सोपं असेल तेच टिकतं. ज्यात रोज लिहिलं जातं तेच चांगलं सॉफ्टवेअर, असं माझं स्वच्छ मत आहे.

गणितवही

मग एक्सेलच का नको? माझ्या आईला एक्सेल येतं, बहुतेकांच्या घरात ते असतंच, आणि नसलं तर लिब्रेऑफिस फुकट मिळतं. पंधरा वर्षांची शीट माझ्याकडे आहे.

जुनीकीर्द

गणितवही, एक्सेलला माझा विरोध नाही, पण एक दोष सांगतो. एक्सेलमध्ये आकडा कुणीही, कधीही, चुकूनसुद्धा खोडू शकतो, आणि ते कळत नाही. ओळी क्रमाने लावताना एकच रकाना निवडला गेला की तारखा एकीकडे आणि रकमा दुसरीकडे. एका सोसायटीचा पूर्ण वर्षाचा हिशोब असा विस्कटलेला मी पाहिला आहे, आणि तो लिहिणारा माणूस प्रामाणिक होता. लोकांनी त्याच्याकडे संशयाने बघितलं, हे मला आजही खुपतं. दुहेरी नोंदीत अशी चूक झाली तर ताळा जमत नाही आणि ती लगेच दिसते. एक्सेल वापरायचंच असेल तर दर महिनाअखेरीला शिल्लक पासबुकाशी जुळवा आणि त्या महिन्याच्या शीटला कुलूप लावा.

साधामजकूर

'लेजर' आणि 'एचलेजर'चं नाव कुणीच घेतलं नाही. नोटपॅडमध्ये साध्या मजकुरात नोंदी लिहायच्या, बेरीज तो प्रोग्राम करतो. पन्नास वर्षांनीही वाचता येईल अशी फाइल हवी असेल तर याहून चांगलं मला माहीत नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात, म्हणून आईंसाठी सुचवत नाही.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. फाइल उघडली!

जुनीकीर्द काका, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. इंटरनेट एक्सप्लोररचा निरोप आला, त्यावरचा उपायही सापडला. पासवर्ड आईला माहीत होता, आजीचं माहेरचं नाव.

आत एकोणतीस खाती आहेत. प्रत्येक मुदत ठेवीचं वेगळं खातं. नोंदी मराठीतच, पण रोमन लिपीत. 'हातउसने' नावाचं एक खातं आहे, त्यात माणसागणिक दिलेले आणि परत आलेले पैसे. दोघांकडून येणं बाकी दिसतं. आईला त्यातलं एक माहीतच नव्हतं.

आता अडचण अशी की बाहेर काढताना एका वेळी एकच खातं निघतं. एकोणतीस वेळा करायचं का? आणि क्यूआयएफमध्ये (हिशोब एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा फाइलीचा साचा) 'लूज' आणि 'स्ट्रिक्ट' असे दोन प्रकार विचारतं, त्यातला कुठला घेऊ?

पेंग्विन_सातारा

हो, एकोणतीस वेळा. 'स्ट्रिक्ट' घ्या, आणि एका खात्यावर आधी करून बघा.

ग्नूकॅशमध्ये आणताना मात्र सगळ्या क्यूआयएफ फाइली एकाच फेरीत द्या. बचत खात्यातून ठेवीत गेलेले पैसे दोन्ही खात्यांच्या फाइलीत असतात. एकत्र दिल्या तर ते ओळखून एकच नोंद करतं. सुट्या सुट्या दिल्यात तर तीच रक्कम दोनदा येण्याची भीती असते, आणि वीस वर्षांतल्या दुहेरी नोंदी हाताने शोधणं फार जिवावर येईल.

तारखांकडे लक्ष द्या. ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे, हे क्यूआयएफमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ग्नूकॅश विचारेल, तेव्हा १२ च्या पुढची तारीख असलेली नोंद बघून उत्तर द्या. चलनही त्यात नसतं, ते रुपया आहे असं सांगावं लागेल.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. क्यूआयएफमध्ये फक्त व्यवहार येतात. खात्याच्या माहितीच्या पानावर टिपणी लिहिलेली असेल तर ती येणार नाही. एकोणतीसही पानं उघडून बघा.

सांजवात

पेंग्विन, हे तुम्ही लिहिलं नसतं तर फार मोठं नुकसान झालं असतं.

प्रत्येक ठेवीच्या टिपणीत बाबांनी पावतीचा क्रमांक, नॉमिनीचं नाव आणि पावती कुठे ठेवली ते लिहिलेलं आहे. 'लोखंडी कपाट, वरचा खण, निळी फाइल.' 'देवघराखालची पत्र्याची पेटी.' काल आई वाचून दाखवायला सांगत होती आणि एकेक पावती काढून आणत होती. अकरापैकी दहा सापडल्या. सगळ्या पानांचे फोटो काढले, छापूनही घेतले.

अकरावी ठेव २०१२ ची आहे. बँकेची ती शाखा आता दुसरीकडे गेली आहे, आणि काउंटरवर 'नोंद दिसत नाही' एवढंच सांगून परत पाठवलं.

जुनीकीर्द

तेवढ्या उत्तरावर थांबू नका. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात, पण हक्क बुडत नाही, पैसे बँकेकडूनच परत मागता येतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' पोर्टल सुरू केलं. बाबांचं नाव आणि पॅन घालून शोधा. ठेव आपोआप नव्याने गुंतवली जात असेल तर आणखी एक खूण आहे. बाबांच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या करकपातीच्या उताऱ्यात, त्या बँकेचा टीडीएस दिसतो का ते तपासा. विसरलेल्या म्युच्युअल फंडांच्या शोधासाठी सेबीचं 'मित्र' पोर्टल आहे. आणि बँकेत तोंडी विचारू नका. पावती क्रमांकासह लेखी अर्ज द्या, प्रतीवर पोच घ्या.

'मनी'तले आकडे पुरावा म्हणून चालणार नाहीत, पण काय मागायचं ते त्यांच्यामुळे कळलं. ज्यांच्या घरी असा हिशोब नाही, त्यांना आपलं काय हरवलं हेही कळत नाही.

हडसनकाठ

बँकेच्या नोंदी भारतात आपोआप आणायला काहीच नाही का? अकाउंट ॲग्रीगेटरबद्दल वाचलं होतं, आपल्या संमतीने बँकेतली माहिती दुसऱ्या संस्थेला पोचवणारी व्यवस्था.

पेंग्विन_सातारा

ती व्यवस्था सप्टेंबर २०२१ पासून आहे, पण त्यातली माहिती नियामकांच्या कक्षेतल्या संस्थांकडे जाते. घरातलं ग्नूकॅश तिथून काही ओढू शकत नाही. आपण स्टेटमेंट उतरवून आयात करायचं. नेटबँकिंगचा पासवर्ड मागणाऱ्या कुठल्याही 'सोप्या' प्रोग्रामला तो देऊ नका, कितीही कंटाळा आला तरी.

अबोली_२२

सांजवात, शेवटी काय ठरलं?

सांजवात

दोन्ही घेतलं, आणि भांडण मिटवायला घेतलेलं नाही. :) बाबांची वीस वर्षं ग्नूकॅशमध्ये आणली. दोन रात्री लागल्या. एकोणतीसपैकी सव्वीस खात्यांची शिल्लक 'मनी'शी तंतोतंत जुळली. उरलेल्या तीन म्युच्युअल फंडांच्या नोंदी क्यूआयएफमधून नीट आल्या नाहीत, त्या स्टेटमेंटवरून हाताने भरते आहे. ठेवींच्या टिपण्या खात्याच्या 'नोट्स'मध्ये टाइप केल्या, मुदतीच्या तारखांच्या आठवणी लावल्या. येणारं व्याजही तिथेच लिहीन, म्हणजे आयकराच्या एआयएसशी (आपल्या उत्पन्नाची खात्याकडे आलेली वर्षभराची माहिती) ताडून बघता येईल.

रोजचा खर्च मनी मॅनेजर ईएक्समध्ये. आई वहीत लिहिते आणि रविवारी मी फोन केला की स्वतः टाइप करते. गेल्या रविवारी तिने मला न विचारता सगळा आठवडा भरला होता.

महिन्याचा आकडाही काढून दिला, गेल्या तीन वर्षांची सरासरी. तिने तो कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

आता तिचा एक प्रश्न आहे, मला उत्तर देता आलं नाही. तिची बायकांची भिशी आहे, बारा जणी, महिन्याला २,०००. ती खर्चात लिहायची की बचतीत?

जुनीकीर्द

दोन्हीत नाही. ग्नूकॅशमध्ये 'भिशी' नावाचं एक खातं मालमत्तेत उघडा. दर महिन्याचे २,००० तिकडे वळते करा. समजा पाचव्या महिन्यात आईंची भिशी लागली. तोवर १०,००० भरले आणि हाती २४,००० आले, म्हणजे खातं १४,००० नी उणे होईल. आता ते येणं नाही, देणं आहे. पुढचे सात हप्ते भरले की बरोबर शून्यावर येईल.

भिशी अजून लागायची आहे की लागून गेली, तेवढं आईंना विचारा. मधूनच खातं उघडताय, तेव्हा सुरुवातीची शिल्लक त्यावर ठरेल.

सांजवात

विचारलं, काका. तिसऱ्या महिन्यातच लागली होती, आणि आठ हप्ते भरून झालेत. म्हणजे उणे ८,००० पासून सुरुवात ना?

जुनीकीर्द

बरोबर. चार हप्ते राहिले.